वरण पातळ झालं तरी चालेल

आमच्या भागात हल्ली थंडीला आमंत्रण धाडावं लागतं, आणि धाडलं तरी बाई येतीलच असं नाही. पौषात पंखा फिरतो. स्वेटर पेटीत डांबरगोळ्यांचा वास घेत पडून राहतो. हुरड्याला आगटी पेटवली की माणसं जवळ यायची, ती आता घाम पुसत लांब सरकतात. आणि थंडीची रिकामी जागा बघून पाऊस शिरतो. न बोलावता, ढोल वाजवत.

गेल्या माघात असाच आला.

शिरड शहापूरला माझी थोरली बहीण राहते, आमची आक्का. तिची हळद शिजवून घरामागच्या खळ्यावर वाळत पडली होती. शिजवलेल्या हळदीला कडक व्हायला बरंच ऊन खावं लागतं. मधेच भिजली तर काळी पडते, आणि तसल्या हळदीकडे बाजारात कुणी ढुंकून बघत नाही. आक्काचं अख्खं वर्ष त्या खळ्यावर पसरलेलं होतं. तिच्या दोन्ही मोठ्या ताडपत्र्या मात्र शेजारच्या लग्नात, आचाऱ्याच्या चुलाण्यांवर सावली धरून उभ्या! तिनंच दिलेल्या. "माघात कुठं पाऊस पडत असतो का? न्या खुशाल," म्हणाली होती. अजूनही आम्ही पंचांग बघून आभाळावर भरवसा ठेवतो.

त्या लग्नात माईक माझ्याकडं होता. आमच्याकडं माईक हाती लागलेला माणूस पंगत उठेपर्यंत तो सोडत नसतो. पाहुण्यांचं स्वागत, नारळ-टोपीचे मानकरी, एक हरवलेली चप्पल, सगळं मी दणक्यात गाजवलं. अक्षता पडल्या आणि औंढ्याच्या बाजूनं आभाळ काळं झालं. वारं सुटलं. तेवढ्यात आक्का पदर खोचून मांडवात शिरली. थेट चुलाण्यांवरच्या ताडपत्र्यांकडं बोट केलं.

ताडपत्र्या काढाव्यात तर खाली भाताची-वरणाची उघडी पातेली, आणि वऱ्हाड अजून उपाशी.

नवरदेवाचा मामा फेटा सांभाळत पुढं आला. "आमची माणसं जेवल्याबिगर दोरीला हात लावायचा न्हाई!"

सगळे मुलीच्या बापाकडं, म्हणजे आक्काच्या शेजाऱ्याकडं, बघू लागले. आधीच मुलीचा बाप, त्यात वरपक्षाचा मामा समोर. त्यानं एकदा मामाकडं पाहिलं, एकदा आक्काकडं.

"पाव्हणं, वरणात पाणी गेलं तर वरण पातळ व्हईल," तो म्हणाला. "हळदीत गेलं तर वैनीचं वर्ष जाईल. सोडा रे दोऱ्या!"

मग मी तरी कशाला मागं राहू? "मंडळी, अक्षता टाकून झाल्या, आता ताडपत्र्या टाकायला चला!" असं ओरडून आयुष्यात पहिल्यांदा माईक आपण होऊन खाली ठेवला.

काय पळालं सांगू वऱ्हाड! इस्त्रीच्या कपड्यातले, पैठणीतल्या, गळ्यात ढोल अडकवलेले बँडवाले. खळ्यावर ताडपत्र्या पसरल्या, पण वारं त्यांना पतंगासारखं उचलू लागलं. दाबायला दगड पुरेनात. तेव्हा माणसंच कडेकडेनं बसली. आणि एका कोपऱ्यावर, फेट्यासकट, कोण? तोच मामा!

"मामा, नीट दाबा की!" एक करवली ओरडली.

"दाबून राहिलो ना बाई! काहून वरडतीस? ह्याच्याहून जड मी कुठून व्हऊ?"

असा पाऊस कोसळला की मामाच्या फेट्याचा रंग त्याच्या मिशांत उतरला. पण हळदीला थेंब शिवला नाही.

शाळेच्या व्हरांड्यात पंगत बसली. आक्का घरचं तूप घेऊन आली आणि प्रत्येकाच्या पानावर स्वतः वाढत गेली. मामापाशी तिचा हात थांबेचना. "बस्स आक्का, बस्स! आधीच वरणात पोहून राहिलोय," तो म्हणाला, आणि तेच वरण पुन्हा मागून घेतलं. पिवळं पाणी होतं नुसतं. पण त्याच्याइतकं गोड मी काही खाल्लेलं नाही, आणि खाण्यात मी कसूर करणारा माणूस नव्हे.

पुढं चांगलं ऊन पडलं. हळद वाळली तेव्हा आक्कानं दोन हळकुंडं माझ्या कानाशी एकमेकांवर आपटली. खण्ण! मग सूपभर निवडून शेजारी घेऊन गेली. शेजारी हात जोडून नको-नको म्हणू लागला.

"तुमच्यामुळंच तर हाय ही," आक्का म्हणाली.

"मग निम्मी माझ्या लेकीच्या सासरी धाडा," तो हसला. "त्या मामाला द्या म्हणावं. लई वेळ बसला होता बिचारा."