शेवटची जागा

सावंगीच्या मैदानाशेजारी माझी चहाची टपरी आहे. तिथे तबकड्या फेकायचा डिस्क गोल्फ खेळायला येणाऱ्यांतला तो एक. दुसऱ्याची तबकडी साखळ्यांच्या टोपलीत पडली, तरी हाच ओरडतो, “पडली ना बाप्पा!”

परवा त्यांच्या जिल्हा संघटनेची कमिटी टपरीसमोरच निवडली. त्याआधी त्याने मला हळूच विचारलं होतं, “आज माहं नाव निघन का, मावशी?”

एकेक नाव निघत गेलं. प्रत्येकाला अनुमोदन द्यायला याचाच हात वर. शेवटची एक जागा उरली, तरी याचं नाव कोणी घेईना.

“काऊन रे, तूच सांग ना आपलं नाव,” मी म्हटलं.

“बरं दिसत नाई, मावशी.”

मेला गाढव. मग कोणीतरी नव्याने येऊ लागलेल्या एका डॉक्टरचं नाव सुचवलं, आणि अनुमोदनासाठी सवयीने सगळे याच्याकडे वळले. याने हात वर केला.