वाचनालयात सोंगं रंगली

त्या काळात मी गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांना सल्ला द्यायचं काम करत होते. जव्हारहून एसटीने सूर्यमाळच्या बाजूला एका गावात जायचे. तिथल्या वाचनालयाला खोली ऐसपैस होती, पुस्तकंही बरीच होती; माणसं मात्र फिरकत नसत. दोन-चार शिक्षक पेपर चाळून जायचे, तेवढंच.

अंगणवाडीत काम करणारी एक ताई नुकतीच वाचनालय समितीची अध्यक्ष झाली होती. सभेत ती गप्पच असायची. मी तिला एवढंच सुचवलं होतं, की गावात लोक आपणहून कुठे जमतात ते आधी बघा. पुढच्या खेपेला ती मला थेट एका पडवीत घेऊन गेली. एक म्हातारेबाबा तिथे बोहाड्याची सोंगं, म्हणजे मुखवटे, घडवत होते. बोहाडा म्हणजे देवादिकांचे मुखवटे घालून नाचायचा तिकडचा उत्सव. कागदाच्या लगद्यातून रावणाचं नाक वर येत होतं आणि भोवती बायामाणसांची ही गर्दी! पडवी अपुरी पडत होती.

"यांना वाचनालयात बसवू या का?" ताईने हळूच विचारलं. मला तर तिथेच टाळी वाजवावीशी वाटली.

सभेत मात्र एका निवृत्त गुरुजींनी विरोध केला. खळ सांडेल, रंग उडतील, पुस्तकांची वाट लागेल, असं त्यांचं म्हणणं. इतरांनीही माना डोलावल्या. मी बोलणार तेवढ्यात ताई उभी राहिली.

"गुरुजी, तुमची काळजी खरी आहे. कपाटं आपण पलीकडच्या भिंतीला लावू. पण आपली पुस्तकं कोरी राहिलीत, ती कोणी हात लावला नाही म्हणून."

गुरुजींनी एकदा कपाटांकडे पाहिलं. मग म्हणाले, कपाटं हलवायला मीही येतो.

सोंगं रंगवायच्या दिवशी मी पोचले तर दाराबाहेर चपलांचा ढीग. आत गुरुजी रावणाची गोष्ट मोठ्याने वाचत होते. मध्येच बाबांनी ब्रश खाली ठेवला. आमच्यात ही गोष्ट वेगळी सांगतात, म्हणाले, आणि आपल्या घरच्या बोलीत सुरू झाले. बायका हसून हसून त्यांना पुढचं सुचवू लागल्या. गुरुजी पुस्तक मिटून ऐकत बसले. सगळं मला समजत नव्हतं, तरी मीही ऐकत राहिले.

पाड्यावरून आलेली एक बाई कपाटाजवळ घुटमळत होती. शेवटी तिने ताईला विचारलं, "हे घरी नेला तं चालंल का? मला नाय वाचता येत. पोरगी वाचून दाखवंल."

ताईने कपाट सताड उघडलं. बाईने चित्रांचं एक पुस्तक निवडलं, पदराला हात पुसून ते घेतलं. तिच्या मागे आणखी बायका उभ्या राहिल्या. ताईने मला हाक मारली, "मॅडम, इकडे या, मला एकटीला आवरत नाही." मी पर्स कोपऱ्यात टाकली आणि पुस्तकं काढून द्यायला धावले.