ट्रायलला गेलेली गाडी

कंपनीने बोईसरपर्यंत बस सुरू केली आणि माझी मोटरसायकल जिन्याखाली नुसतीच उभी राहायला लागली. शेवटी विकायची ठरवली आणि फोनवरून जाहिरात टाकली. पहिल्याच गिऱ्हाइकाने गाडी न बघताच सांगितलं, "भाईसाब, कोड भेजा है. स्कॅन करो, पैसा आ जाएगा." मी स्कॅन करणार, एवढ्यात बायको ओरडली, "पैसे घ्यायला कधी स्कॅन करावं लागतं का?"

त्यानंतर सगळा कारभार तिच्याकडे गेला. गिऱ्हाइकाने दिवसाउजेडीच यायचं, आधी लायसन्स दाखवायचं, आणि एकट्याच्या हातात किल्ली द्यायची नाही.

रविवारी मुरब्याहून एक जोडपं आलं. तो होडीवर जाणारा, ती बाजारात मासळी विकणारी. त्याने न मागता लायसन्स पुढे केलं. "एक चक्कर मारून बगतो." मी मागे बसायला निघालो, तर त्याची बायको म्हणाली, "तुमी कशाला जाता? मी हाय ना हितं. तो नाय आला तं मला ठेवून घ्या." माझ्या बायकोलाही हसू आवरेना. तिने किल्ली दिली आणि चहा टाकला.

वीस मिनिटं झाली. फोन लावला, तर तो त्याच्या बायकोच्या पिशवीतच वाजला. मी तीनदा गेटपर्यंत जाऊन आलो. ती मात्र निवांत चहा पीत होती. "येल की. जानार कुटं?"

पाऊण तासाने तो आला, घामाघूम, गाडी ढकलत. मला वाटलं, इंजिन गेलं.

"दादा, गाडी बेस हाय," तो म्हणाला. "पेट्रोल नाय हाय."

विकायच्या गाडीत कशाला ठेवायचं, म्हणून आदल्या दिवशी मीच टाकी जवळजवळ रिकामी केली होती! मला कुठे बघावं कळेना.

तरी त्याने गाडी घेतली. पैसे खात्यात जमा झालेले बघूनच बायकोने किल्ली दिली. नाव बदलायच्या फॉर्मवर सह्या झाल्या. शिवाय गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ तिने कागदावर लिहून घेतली. "येवढं कशाला?" तो कुरकुरला. त्यावर त्याचीच बायको म्हणाली, "उद्या तू कुनाला धडकलास तं पोलीस ह्यांच्या दारात येतील. कर सही!"

मी धावत जाऊन बाटलीभर पेट्रोल आणलं. पुढे महिन्याभरात गाडी त्याच्या नावावर झाल्याचा मेसेज आला. तोवर अनोळखी नंबर दिसला की पोलीस तर नसतील ना, म्हणून मी जरा दचकूनच फोन उचलत होतो.