चित्राचा डावा हात

चित्रा नगरकरची काळजी हा तिच्या गोतावळ्यात थट्टेचा विषय होता. दिवाळीच्या जेवणाला डब्लिनजवळ क्लोनडॉकिनला जमलेल्या मैत्रिणी तिला दारातच विचारायच्या, "गॅस बंद करून आलीस ना गं?" चित्रा त्यांच्याबरोबर हसायची आणि हसता हसता गॅसची कळ खरंच फिरवली का, ते आठवून बघायची. वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात ती गुणवत्ता तपासायची. तिथे ही सवय कामाची होती. घरी मात्र तिचा सगळ्यांना जाच व्हायचा. लेक स्वरांगी मेनूथच्या कॉलेजातून घरी यायला निघाली, की फोनच्या नकाशावर तिचा ठिपका सरकताना बघत ही बसायची. पावसात गाडी चालवायची नाही, हा तिचा आणखी एक नियम. आयर्लंडमध्ये राहून!

अशा बाईने विकलोच्या डोंगराच्या पायथ्याशी घर घेतलं, ते नवऱ्याच्या, उल्हासच्या हट्टापायी. तो डब्लिनच्या एका हॉस्पिटलात डॉक्टर, त्याला मोकळी हवा हवी होती. तिथे त्यांना शेजार मिळाला तो एकच. घरामागून वर चढणाऱ्या अरुंद वाटेच्या टोकाला ब्रीडा राहायची. स्वरांगी लहान असताना शाळा सुटल्यावर ती ब्रीडाकडेच थांबायची, तिच्याकडचा गरम पाव आणि लोणी खायची. आता ब्रीडा ऐंशीच्या पुढे गेली होती. फुप्फुसं पार कामातून गेली होती. दिवसभर नाकाला नळी आणि कोपऱ्यात घरघरणारं ऑक्सिजनचं यंत्र, असं तिचं जगणं होतं.

ब्रीडाचा मुलगा डेक्लन बरीच वर्षं कॅनडात होता. परत येताना त्याने काय आणावं, तर बर्फावर चालणारी मोटर! पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा. इथे धड बर्फ पडायला पाच-पाच वर्षं जातात. सगळं गाव पोट धरून हसलं. ब्रीडाने तर सांगितलंच, "ते घाणेरडं धूड माझ्या अंगणात येता कामा नये." म्हणून ते चित्राच्या शेडमध्ये येऊन राहिलं. दर हिवाळ्याला डेक्लन यायचा, नवं पेट्रोल भरायचा, एकदा सुरू करून बघायचा आणि कॉर्कला आपल्या कामावर निघून जायचा.

त्या जानेवारीत बर्फ पडला तो असा, की कुंपणं दिसेनाशी झाली. वर कडाक्याची थंडी. शेडमधल्या बादलीतलं पाणी दगड झालं होतं. वीज गेली, तसं ब्रीडाचं यंत्र बंद पडलं आणि ती घरातल्या राखीव सिलिंडरवर आली. उल्हास हॉस्पिटलात अडकला, डेक्लन कॉर्कमध्ये; घरी चित्रा आणि सुट्टीला आलेली स्वरांगी, दोघीच. सकाळी ऑक्सिजनची व्हॅन कशीबशी चित्राच्या दारापर्यंत पोचली. पुढची चढण बघून ड्रायव्हरने मान हलवली, दोन सिलिंडर पायरीवर ठेवले आणि तो गेला.

चित्राने ब्रीडाला फोन लावला.

"मी ग्रँड आहे," ब्रीडा म्हणाली. बरं असो-नसो, 'मजेत आहे' म्हणायला इथे सगळ्यांचा हाच शब्द. मग थांबली. "काटा... लाल पट्टीला... टेकलाय. पण मी ग्रँड."

दोन शब्दांमध्ये ती श्वास घेत होती, तो चित्राला ऐकू येत होता. तिने अँब्युलन्सला फोन केला. रस्ता मोकळा झाला की येतो, म्हणाले, दुपार होईल. दुपारपर्यंत तो काटा थांबणार नव्हता. ती पायी निघाली, तर वाटेच्या खोलगट भागात बर्फ छातीपर्यंत आला. हातात सिलिंडर नसतानाही पुढे जाता येईना.

ती मागे फिरली आणि थेट शेडमध्ये गेली.

"मॉम, यू'र नॉट सिरियस," स्वरांगी म्हणाली.

"मागून उचल. पट्टा जमिनीला चिकटलाय."

दोघींनी मागची बाजू उचलून आपटली. पुन्हा उचलली, पुन्हा आपटली. कडकन आवाज करून पट्टा सुटला. स्वरांगीने डेक्लनला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"नीट ऐका," डेक्लन म्हणाला. "याला चोक नाही. पेट्रोल किती द्यायचं ते इंजेक्शनवालं इंजिन स्वतः ठरवतं. किल्ली फिरवा, पंपाचा आवाज थांबू द्या, मग दोरी ओढा. थ्रॉटलला, मुठीजवळच्या त्या खटक्याला, हात लावायचा नाही. अजिबात नाही."

"कळलं," चित्रा म्हणाली.

तिने किल्ली फिरवली. आत काहीतरी गुणगुणलं आणि गप्प झालं. तिने उजव्या हाताने दोरी ओढली. इंजिन खोकलं. पुन्हा ओढली. पुन्हा नुसताच खोकला. ओढून ओढून खांदा भरून आला, पेट्रोलचा वास शेडभर पसरला.

"मॉम! यू'र प्रेसिंग इट!"

चित्राने खाली पाहिलं. डावा हात उजव्या मुठीवर होता आणि थ्रॉटल दाबून धरलेला होता. हे तिच्या गावीही नव्हतं. पुण्यात कॉलेजला असताना वडिलांची स्कूटर रोज सकाळी अशीच सुरू व्हायची: एका अंगाला कलती करायची, चोक ओढायचा, किक मारताना ॲक्सिलरेटर पिळत राहायचं. न पिळता गाडी सुरू होते, हे डोक्याला समजलं होतं. हाताला समजलं नव्हतं.

"आता प्लग भिजले असतील," डेक्लन फोनवर हळहळला. "संपलं बहुतेक. अँब्युलन्सचीच वाट बघा."

"प्लगचं मी बघते," चित्रा म्हणाली. सीटखालच्या पिशवीत पाना होता. तिने दोन्ही प्लग काढले, पुसून कोरडे केले, स्वयंपाकघरात नेऊन पोळ्यांच्या तव्यावर ठेवले. हेही त्या स्कूटरनेच शिकवलं होतं.

तेवढ्यात उल्हासचा फोन आला. "अगं, तू पावसात गाडी काढत नाहीस!"

"हा पाऊस नाहीये. ठेव फोन, तवा तापलाय."

गरम प्लग फडक्यात गुंडाळून ती पळत शेडमध्ये आली आणि ते परत बसवले. किल्ली फिरवली. डावा हात पुन्हा हँडलकडे निघाला.

"गिव्ह मी दॅट हँड," स्वरांगी म्हणाली आणि तिने तो आपल्या दोन्ही हातांत गच्च धरला. रस्ता ओलांडताना चित्रा तिचा हात असाच धरायची.

पंप गुणगुणला, थांबला. चित्राने दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा इंजिनने एक झटका दिला, पांढरा धूर ओकला आणि असं काही भडाडलं, की छपरावरचा बर्फ घसरून दाराशी पडला.

"तापू द्या! लगेच निघू नका!" डेक्लन ओरडत होता. "आता हात लावलात तरी चालेल!"

इंजिन तापेपर्यंत चित्राने साबणाने हात धुतले, वास घेऊन पाहिला आणि पुन्हा धुतले. ऑक्सिजनच्या झडपेला तेलाचा हात लागता कामा नये, हे तिला कारखान्यात शिकून पाठ झालं होतं. भारतात जाताना बॅगांना बांधायचे पट्टे वरच्या प्रेसमध्ये होते; कपाटाला त्यांच्या घरात आता सगळे प्रेसच म्हणत. त्या पट्ट्यांनी तिने एक सिलिंडर मागे आवळून बांधला.

"तू इथेच थांब," ती लेकीला म्हणाली.

"नो. तो हलला तर हू'ल होल्ड इट?"

"घट्ट धर," चित्रा म्हणाली आणि तिने थ्रॉटल दाबला. धूड आधी भिंतीकडे गेलं, मग कुंपणाकडे, आणि शेवटी वाटेला लागलं. मगाशी जिथे ती छातीपर्यंत रुतली होती, तिथून ते वरच्यावर तरंगत गेलं.

इंजिन चालूच ठेवून तिने ते फाटकाबाहेर सोडलं. ब्रीडा खुर्चीत ताठ बसली होती. ओठ निळसर झाले होते, आणि शेजारी मेणबत्ती जळत होती. चित्राने आधी ती विझवली. मग नळी जोडली, झडप उघडली. स्वरांगी जमिनीवर बसून ब्रीडाचे तळवे चोळत राहिली. हळूहळू ओठांवर रंग आला.

ब्रीडाने डोळे उघडून खिडकीकडे पाहिलं. "ते धूड माझ्या दारात आणलंस?"

"फाटकाबाहेर आहे."

"आवाज बंद कर त्याचा."

"नाही करणार. दुसरा सिलिंडर आणायचाय अजून." चित्राने हातमोजे चढवले. "स्वरा, तू इथेच बस. काटा बघत राहा."

या वेळी स्वरांगीने वाद घातला नाही. चित्रा दारापर्यंत गेली तेव्हा मागून आवाज आला, "मॉम, फोन ऑन ठेव. आय'ल वॉच युअर ठिपका."