वारुळाजवळचं मोहाचं झाड

अंगणवाडीतून निवृत्त झाल्यापासून मी चंद्रपूरला मुलाकडे राहते. सकाळची माझी कामं सांगते, हसू नका. उठले की गच्चीवर जाते आणि कुंड्यांना पाणी घालते. कुंड्या सात. दहा मिनिटांत होईल असं काम, मी पाऊण तास पुरवते. मग खाली येऊन कालच्या पेपराची घडी घालते. मग सांबार निवडते, म्हणजे तुमची कोथिंबीर. मग बसते. जेवायला अजून तीन तास असतात.

झाडू मात्र या घरात कोणी मला हातात घेऊ देत नाही. झाडायला बाई येते. शिवाय सून म्हणते, "आई, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वाकायचं नाही." बरोबरच बोलते ती. पण मला आपलं झाडल्याशिवाय दिवस उजाडला असं वाटतच नाही.

ज्या गावात मी बावीस वर्षं अंगणवाडी चालवली ते गडचिरोलीच्या पुढे, धानोऱ्याच्या बाजूला, पार जंगलात. तिथे मोहाची झाडं जंगलात उभी असली तरी बेवारस नसतात. एकेक झाड एकेका घरचं. त्याचा कागद नाही, त्याला कुंपण नाही. फाल्गुनात फुलं गळायच्या आधी ज्या घरचं माणूस झाडाखालचा पाला झाडून जमीन स्वच्छ करतं, त्या घरचा तो मोहा. एक साल झाडायचं राहिलं तर गाव समजून घेतं. आजारपण असेल, सुतक असेल. पण लागोपाठ दुसऱ्या सालीही राहिलं, की झाड मोकळं झालं. मग ज्याला पाहिजे त्यानं झाडावं.

मला ते झाड माझ्या मदतनीस बाईनं दिलं. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो, अजूनही म्हणतो. मी तेव्हा गावात परकी, दोन वर्षांचं लेकरू कडेवर, गोंडीचा एक शब्द येत नाही. मुलं माझ्याकडे बघून भोकाड पसरायची. एका सकाळी मावशी मला जंगलात घेऊन गेली, एका मोहाखाली उभं केलं आणि स्वतःचा खराटा माझ्या हातात दिला. म्हणाली, "झाडा बाई. इथी राह्यता तं तुमचं एक झाड पाह्यजे." त्या झाडाच्या बुडाशी कमरेएवढं वारूळ होतं. दुसऱ्या दिवसापासून बाया मला नदीवर जागा करून द्यायला लागल्या. तेवढ्यानं मी गावची झाले.

निवृत्तीनंतरही दर फाल्गुनात मी जात होते. गेल्या साली गुडघा कापला, राहिलं. म्हणजे या साली गेलंच पाहिजे होतं. नाहीतर झाड गेलं.

दिवाळीपासून तयारीला लागले. रोज जिना दोनदा चढायचा, मग तीनदा. कोरपन्याहून भावजयीनं तुराट्या पाठवल्या, तुरीच्या वाळक्या काड्या हो, त्यांचा खराटा चांगला होतो. गॅलरीत बसून बांधला. पहिला सुटला. दुसरा बांधला. मुलगा ऑफिसातून आला आणि म्हणाला, "आई, कुठी झाडायची नोकरी लागली काय?"

"लागली. तू मले पोचवून दे म्हणजे झालं."

"मोहा पाह्यजे तं बाजारातून आणून देतो ना."

"बाजारातल्या मोहाले काय करू? मले झाडापाशी जायचं हाय."

"आन् गुडघा?"

"गुडघा सोबतच नेते, इथी ठेवून थोडीच जाते!"

हसला आणि फसला. एका रविवारी अंधारातच गाडी काढली. मूल गाव येईपर्यंत उजाडलं. गडचिरोली सोडल्यावर मी काच खाली केली. पानगळीचा वास आला आणि मी उगाच केस सारखे केले, कोणाच्या घरी जाताना करतो तसे.

गावात मावशीच्या घरी चहा झाला. ती म्हणाली, पाणी भरून मी मागून येते. मला दम नव्हता. खराटा मुलाच्या हातात दिला आणि निघाले. दहा मिनिटांची वाट, मला अर्धा तास लागला. पण वारूळ दिसलं. डोळेच भरले. झाडाला म्हटलं, आली रे बाबा, उशीर झाला.

आणि झाडायला लागले. आमच्या गावात पाला जाळत नाहीत, वणव्याची भीती. झाडूनच काढायचा. आधी बुडाजवळचा, मग गोल फिरत बाहेर बाहेर. मुलगा म्हणाला, "दे इकडे." मी म्हटलं, "बस तिकडे." तो एका दगडावर मोबाईल वर धरून रेंज शोधत बसला. दीड तास झाडलं. गुडघा ठणकत होता, पण आतून असं हलकं वाटत होतं की काय सांगू. जमीन अशी निघाली, की त्यावर जेवायला बसावं.

तेवढ्यात मावशी आली, सोबत तिची धाकटी लेक. ही लेक माझ्याच अंगणवाडीतली, खिचडीतले वाटाणे वेचून बाजूला ठेवायची. आता गावातच दिली आहे. मोहा वेचायला ती माझ्या मागे यायची, तिची टोपली तिच्याहून मोठी. तर मावशी तिथे थांबली, झाडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तोंडाला पदर लावून खालीच बसली.

"बाई, कोनाचं झाड झाडून राह्यल्या जी?"

"काऊन, माझं."

"हे तं पाटलाच्या घरचं होय!"

मी म्हटलं, काहीतरीच काय, हे वारूळ नाही का? तर ती म्हणाली, "तुमच्या झाडाचं वारूळ अस्वलानं खोदलं. राहिलं ते पान्यानं नेलं. हे नवीन वाढलं. बाई, आता पाटील तुमच्यावर पंचायत बसवते पहा. म्हनन, अंगनवाडीवाली मोहा चोराले आली." हसता हसता तिला खोकला लागला.

मुलगाही हसला. मीही हसले, न हसून काय करता. मग विचारलं, "मंग माझं कोनतं?"

लेकीनं मागे बोट दाखवलं. येताना ज्याच्या अंगावरून आम्ही गेलो, ते. घोट्यापर्यंत पाला साचलेला. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

तिथे जाऊन उभी राहिले. कोणी घेतलं नव्हतं, माझी वाट बघत तसंच होतं, आणि मी शेजारून गेले. बावीस वर्षं त्याचा मोहा वेचला, पोराला खाऊ घातला, आणि इतकी वर्षं मी ओळखत होते ते वारुळाला. झाडाकडे कधी मान वर करून बघितलंच नव्हतं. वेचणाऱ्याची मान खालीच असते, असं मनाशी म्हणून बघितलं. पटलं नाही.

हातात आता ताकद उरली नव्हती. मावशी म्हणाली, "द्या खराटा, मी झाडते. कोन पाह्यते?"

"गाव पाह्यते. तुझ्या हातानं झाडलं तं झाड तुझ्या घरचं."

मुलगा उठला आणि त्यानं खराटा घेतला. घरच्या माणसाच्या हातानं चालतं, हे त्याला माहीत होतं. त्याचंही लहानपण तिथलंच. "मी झाडतो आई, पाच मिनिटांचं काम."

मला फार बरं वाटलं. तरी विचारलं, "आन् पुढच्या साली येशीन?"

तो खराट्याच्या काड्या सारख्या करत राहिला. "सुट्टी भेटली तं येऊ ना," म्हणाला. खोटं बोलत नाही तो, एवढा त्याचा गुण आहे.

लेक झाडाला हात लावून उभी होती. मी तिला म्हटलं, "तुले कसं ओळखू येते वं, वारूळ नसताना?"

"याची साल इथी अशी दुमडली हाय नं," तिनं माझा हात धरून तिथे ठेवला. "आन् याचं फूल बारीक असते. पाटलाचं मोठं, पन पांचट. याचं आधी गळते, गोड असते. तुमच्या टोपलीतलं मी चोरून खात होती नं, म्हनून माईत."

मी मुलाच्या हातातला खराटा घेतला. बुडाभोवती हातभर जागा झाडली, तेवढीच. मग तो तिच्यापुढे धरला.

ती मागे सरली. "नाई बाई, तुमचं झाड हाय."

"म्हनूनच देते."

तिनं आईकडे बघितलं. मावशीचं हसणं थांबलं होतं. ती गोंडीत काहीतरी म्हणाली, मला एवढंच कळलं की घे म्हणते आहे. लेकीनं पदर खोचला. तिचा हात काय भराभर चालतो! मी दगडावर बसून बघत होते. गावात परतलो तर पाटलाच्या घरी बातमी आमच्या आधी पोचली होती. त्यांच्या सुनेनं निरोप दिला, बाईला म्हणावं पुढच्या साली या, आणखी तीन झाडं आहेत आमची.

येताना पहिली गळलेली चार फुलं लेकीनं रुमालात बांधून दिली. खरंच बारीक आहेत. गोडही.

परत गच्ची, कुंड्या, सांबार. पहाटे जाग येते तेव्हा मला कळतं, आत्ता तिकडे मोहा गळतो आहे आणि ती टोपली घेऊन निघाली असेल. एकटीच असेल का, की तिच्या मागेही कोणी लहान टोपली घेऊन जात असेल, हे विचारायचं राहिलं.

एक नवा नाद लागला आहे. पाणी घालताना डोळे मिटून पानाला हात लावते आणि कुंडी ओळखते. मोगरा येतो. तुळस येते. जास्वंदीत चुकते. मग तसाच ओला तळहात धरून त्या झाडाची साल आठवून बघते, ती दुमडलेली जागा, जिथे लेकीनं माझा हात ठेवला होता. कधी येते हाताला. बहुतेक वेळा येत नाही.