टाचणीकाकूंचा जिना

जिना उतरताना मी कठड्याला धरलं होतं, एवढं मला नक्की आठवतं. पुढे कठड्याने मला धरलं की मी कठड्याला, याचा निकाल लागायच्या आत आम्ही दोघे दुसऱ्या मजल्यावरून पहिल्या मजल्यावर पोचलो होतो. मी बसलेला होतो आणि कठडा माझ्या मांडीवर आडवा पडला होता, दमून झोपी गेलेल्या पोरासारखा. माझ्या काखेत गादी होती, उन्हाला घालायला खाली नेत होतो. ती माझ्याही आधी पोचली होती. वरून, आमच्या तिसऱ्या मजल्यावरून, बायकोचा काळजीचा आवाज आला, "गादीला काही झालं नाही ना?"

दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं आणि काकू बाहेर आल्या. ओठांत टाचण्या.

काकू कपडे दुरुस्त करायच्या. नवे शिवत नसत. नवं काय, कुणीही शिवतं, असं त्यांचं म्हणणं. सैल झालेली कंबर आवळायची, चेन बदलायची, थोरल्याचा कोट धाकट्याच्या अंगाला बेतायचा, पडद्यांना दुमड घालायची, अशी सगळी कामं. मशीनवर बसल्या की टाचण्या ओठांत, त्यामुळे बोलणं कमी आणि निघेल ते टोचणारं. म्हणून साऱ्या इमारतीत त्या टाचणीकाकू. तोंडावर कुणी म्हणत नसे. एकदा माझ्याच तोंडून निसटलं तर त्यांना राग नाही आला. म्हणाल्या, "सुई तरी म्हणायचंत. टाचणी काय, काम झालं की काढून टाकतात."

तर त्या दिवशी त्यांनी टाचण्या तोंडातून बाहेर काढल्या, यावरूनच प्रसंग गंभीर आहे हे मी ओळखलं. मला लागलं का, वगैरे विचारायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. माझ्या मांडीवरच्या कठड्याकडे बघत म्हणाल्या, "डाव्या हाताचा होता तो."

मला वाटलं, आपटलो मी आणि डोक्यावर परिणाम यांच्या झाला.

पण त्याचा अर्थ असा होता. काका, म्हणजे त्यांचे यजमान, बसचे ड्रायव्हर. उभा जन्म रस्त्यावर गेला आणि निवृत्त होऊन घरी बसले ते उजव्या अंगावरून वारं गेल्यामुळे खरोखरच बसले. हात लुळा, पाय फरफटता, जीभ जड. विनोद तेवढा शाबूत होता. पायाकडे बोट दाखवून म्हणायचे, "क्लच गेलाय. इंजिन ठीक आहे." काकूंनी त्यांना खोलीत चालायला लावलं होतं. मशीनपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून मशीनपर्यंत, आणि मशीनवरून काकूंचं लक्ष. कुणी कौतुक केलं की त्या म्हणत, "कौतुक नको, वाटेतनं बाजूला व्हा." आता डावा हात कठड्यावर ठेवून काका जिना उतरू शकतील, असं व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. काकांनी बूट पॉलिश करून घेतले होते. येत्या आठवड्यात खाली उतरून कोपऱ्यावरच्या बसथांब्यापर्यंत जायचं, आपल्या मार्गाची बस नव्या पोरांनी वेळेवर आणली का ते बघायचं, असं ठरलं होतं. उतरताना उजव्या बाजूला भिंत आणि डाव्या बाजूला कठडा. म्हणजे होता.

मी दुसऱ्याच दिवशी सुतार आणला. त्याने कठडा उचलून बघितला, पायरीच्या कडेत पेचकस खुपसला. पेचकस लोण्यात जावा तसा आत गेला. म्हणाला, "साहेब, खिळा मारायला लाकूड तर पाहिजे." कठडा नुसता निमित्त होता. जिन्याच्या दोन्ही कडांच्या फळ्या पोखरलेल्या होत्या, आणि त्या बदलायच्या म्हणजे जिनाच बदलायचा.

बरं, बदलू, असं आम्ही म्हणायला आणि मालकाचा माणूस यायला एक गाठ. मालक दुसऱ्या शहरात राहत. आम्ही त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा हा माणूस मात्र इमारतीत काही चांगलं होण्याचा संभव दिसला की उगवायचा. त्याने समजावून सांगितलं की जिना हा कुणा एका भाडेकरूचा नाही, मालकाचा आहे. भाडेकरूंनी त्याला हात लावला तर ते बेकायदा बांधकाम. मग मालक का लावत नाहीत, असं विचारलं तर म्हणाला, "वर कळवतो." त्याचं हे 'वर' नेमकं कुठे आहे ते आम्हाला कधी कळलं नाही. ज्या रीतीने उत्तर येत नसे त्यावरून ते फारच वर असावं.

नगरपालिकेचा नियम तसा भला होता. इमारतीच्या देखभालीकडे मालकाचं दुर्लक्ष दिसलं, तर नगरपालिकेचा माणूस येऊन पाहणी करणार. दुर्लक्ष आहे असा शेरा त्याने मारला की मालकाला दुरुस्तीचा हुकूम. मालकाने नाही केली तर नगरपालिका करणार आणि त्याच्याकडून वसूल करणार. शेजारच्याच इमारतीला असा नवा जिना मिळाला होता, दोन्हीकडे लोखंडी कठड्यांचा. काकू खिडकीतून तो बघत असत.

तक्रार काकूंनी केली. आता प्रश्न होता तो दुर्लक्ष दिसण्याचा.

कारण आमचा जिना लखलखीत होता. काकू रोज सकाळी वरपासून खालपर्यंत झाडत, ओल्या फडक्याने पुसत. पायऱ्यांच्या कडांना त्यांनी कधीकाळी जुन्या पडद्यांचे तुकडे चिकटवले होते, कुणी घसरू नये म्हणून. मी कठडा मोडल्यावर उरलेल्या खुंटाला कुणाचा कपडा अडकू नये, हात खरचटू नये म्हणून कापूस भरून चक्क खोळ शिवली होती. तीही भिंतीच्या रंगाची. बघणाऱ्याला वाटावं, ही फॅशनच आहे.

तळमजल्यावर चावीवाल्याचं दुकान. साऱ्या गावाची कुलपं उघडून त्याला माणसांचीही किल्ली सापडली आहे असा त्याचा समज होता, आणि तो फार चुकीचा नव्हता. तो म्हणाला, "काकू, शेजारी साहेब आला तेव्हा काय होतं माहितीये? फुटक्या काचा, मेलेलं कबूतर, आणि जिन्यात असा वास की साहेब नाक धरून अर्ध्यातनंच परत. हुकूम लगेच. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. तुम्ही झाडू ठेवा."

काकूंना ते पटलं. निदान पटलं असं त्या म्हणाल्या. झाडू आमच्याकडे ठेवायला दिला, कारण घरात असला तर हात जाईल. मला बजावलं की मागितला तरी द्यायचा नाही. दारू सोडणाऱ्याने बाटली शेजाऱ्याकडे ठेवावी तसा प्रकार. चावीवाल्याने उदार मनाने आपला कचरा जिन्यात ओतला. मी शेंगांची टरफलं टाकली. बायको म्हणाली, "घरात टाकता तशीच टाका, वेगळा सराव कशाला?" जिन्याला हळूहळू कळा आली. काकू त्यावरून जाताना मान वर करून जात, आजारी माणसाच्या खोलीतून जावं तशा. एकदा मी त्यांना पायरीवर ओणवं झालेलं पकडलं. "पडलेलं बटण शोधतेय," म्हणाल्या. हातात बटण नव्हतं, टरफलं होती.

पाहणीसाहेब यायचे त्या दिवशी सकाळी मी दूध आणायला खाली निघालो आणि थबकलो. जिना ओला होता. एक टरफल नाही. खोळसुद्धा धुऊन पुन्हा चढवलेली. झाडू माझ्याकडेच होता. काकूंनी चावीवाल्याची कुलपं घासायची काथ्याची कुंचली मागून आणली होती आणि तिने, बसून, एकेक पायरी झाडली होती.

काकूंना काही बोलणार तेवढ्यात त्यांचं दार उघडं दिसलं. आत काका खुर्चीवर बसले होते. दाढी केलेली, ड्रायव्हरचा जुना गणवेश काकूंनी आत घेऊन अंगाबरोबर केलेला, पायात ते पॉलिशचे बूट. काकांचं म्हणणं पडलं होतं की साहेब आपल्यासाठी जिना बघायला येतोय, तर आपण जिन्याच्या तोंडाशी उभं राहून त्याला भेटायचं. डेपोत तपासणीला वरिष्ठ आले की ड्रायव्हर गाडीबाहेर उभा राहतो, तसं.

"उकिरड्यात उभं करू यांना?" काकू टाचण्यांमधूनच म्हणाल्या. खरं सांगायचं तर मलाही जिना बघून बरं वाटलं होतं.

पाहणीसाहेब सज्जन होते. हीच सगळ्यात मोठी अडचण झाली. ते चढून आले ते आदराने, बूट दाराशी काढायला निघाले होते. काकांनी डावा हात कपाळाला लावून सलाम केला. काकू दाराआड चहा करत होत्या. साहेबांनी खोळ हाताने दाबून बघितली, हसले. काकांनी त्यांना सगळं सांगितलं, कठडा, फळ्या, बसथांबा. पण जीभ जड, आणि साहेबांसमोर तर आणखीच जड. साहेब मान डोलवत राहिले. मी सुताराचा पेचकस सांगितला. ते म्हणाले, आपल्याला लाकूड उकरायचा अधिकार नाही, दिसेल तेवढंच लिहायचं. कठड्याचं विचारलं तर कसा मोडला ते मला सांगावं लागलं, आणि ती मालकाची नव्हे, भाडेकरूची करणी ठरली. निघताना म्हणाले, "इतक्या जिव्हाळ्याने ठेवलेल्या इमारती आता बघायला मिळत नाहीत. आनंद वाटला." चहाचंही कौतुक केलं.

शेरा आला: देखभाल समाधानकारक, दुर्लक्ष आढळले नाही. त्याची एक प्रत मालकाकडे गेली. मालकाचा माणूस आला आणि प्रथमच हसला. वरून उत्तर आलं होतं.

चावीवाल्याने काकूंशी दोन दिवस अबोला धरला, मग त्यालाच करमेना. काका बूट घालून दाराशी उभे राहायचे, जिन्याकडे बघायचे आणि परत फिरायचे. मी म्हटलं, मी एका बाजूने धरतो, चला. मानेनेच नाही म्हणाले. मग काकूंनी सांगितलं, "धरून न्यायचं तर कधीच नेलं असतं."

पावसाळा संपता संपता एका दुपारी जिना पडला. त्याने निदान वेळ बरी निवडली. त्याच्यावर कुणी नव्हतं. दुसऱ्या मजल्यापासून पहिल्यापर्यंतचा तुकडा, खोळीसकट, खाली जाऊन बसला, आणि धुळीने चावीवाल्याची सगळी कुलपं पांढरी झाली. मग मात्र दुर्लक्ष कुणी केलं नाही. अग्निशमनवाले आले, पोलीस आले, नगरपालिकेचे इतके लोक आले की पडण्याआधी त्यातल्या एकाने लाकूड उकरलं असतं तरी भागलं असतं. तासाभरात भिंतीवर लाल अक्षरांत 'धोकादायक इमारत' लागलं. मालकाचा माणूस वेळेवर हजर होता. मालकाला कुणी काही विचारू शकत नव्हतं, देखभाल समाधानकारक असल्याचा कागद त्याच्या खिशात होता. आता इमारत पाडायची, आणि तीच तर मालकाची इच्छा होती.

आम्ही शिडीने उतरलो. काकूही उतरल्या. काकांना खुर्चीला बांधलं. ते काहीतरी सांगत होते, पण घाईत ऐकायला कुणाला वेळ होता? खिडकीतून खुर्ची बाहेर काढली तेव्हा खाली रस्ताभर माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात वर धरलेला फोन. काका अनवाणी होते. सदरा वर सरकून पोट उघडं पडलं होतं, आणि हात पट्ट्याखाली, त्यामुळे तो खाली ओढता येत नव्हता. कोपऱ्यावर एक बस खोळंबली होती. तिचा ड्रायव्हर मान बाहेर काढून बघत होता. खुर्ची टेकली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी गर्दीतून पुढे होऊन पहिल्यांदा सदरा खाली ओढला.

काय सांगत होते ते मला नंतर चावीवाल्याने सांगितलं. "बूट, बूट म्हणत होते."

मशीन वरच राहिली. आत जायला कुणाला परवानगी नव्हती.

आम्ही मेव्हण्याकडे गेलो, तिथून भाड्याच्या जागेत. काकूंना नगरपालिकेने गावाबाहेरच्या तात्पुरत्या इमारतीत खोली दिली. परवा भेटायला गेलो. चौथा मजला, लिफ्टला कुलूप. पण जिना सिमेंटचा, भक्कम आणि दोन्हीकडे लोखंडी कठडा. मी मुद्दाम डाव्या हाताने धरून हलवून बघितला. जागचा हलला नाही.

काकू खिडकीपाशी हाताने दुमड घालत बसल्या होत्या. पलीकडे काका भिंतीकडे तोंड करून निजलेले. मी हाक मारली, क्लचची चौकशी केली. वळले नाहीत. व्यायामाचं विचारलं तर काकू म्हणाल्या की आता उठत नाहीत, त्या दिवसापासून. जिना चांगला आहे हेही सांगून झालं, दोन्ही बाजूंनी धरायला आहे हेही, पण बूट घालू का म्हटलं की डोळे मिटून घेतात. नवे आणले होते, कपाटात आहेत.

अशा वेळी माणूस नको ते बोलतो, आणि मला तर तेच जास्त येतं. मी म्हटलं, "काहीही म्हणा काकू, त्या दिवशी निदान काका एकदाचे खाली तरी उतरले."

काकूंनी ओठांतल्या टाचण्या काढून तळहातावर घेतल्या.

"उतरले नाहीत, उतरवले."