बिराजदार सरांचं रेकॉर्डिंग

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. सुजाताला माहीत आहे, पण अर्धंच. तुम्हाला सगळं सांगते. मध्येच अडखळले तर रागावू नका, हे अजून एकदाही तोंडातून बाहेर पडलेलं नाही.

कोरोनात शाळा बंद झाल्या तेव्हा उमरगा तालुक्यातल्या आमच्या हायस्कुलात मोबाइलवर शिकवायचं कसं, हे फक्त मला येत होतं. म्हणजे लई येत होतं असं नाही. लिंक पाठवायची, स्क्रीन दाखवायची, पोरांचे आवाज बंद करायचे — एवढंच. पण बाकीच्यांना तेवढंही जमेना, त्यामुळं माझा भाव वधारला. हेडसरसुद्धा "मॅडम, जरा बघता का?" म्हणायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

सगळ्यात जास्त फोन यायचे बिराजदार सरांचे. भूमिती शिकवायचे, रिटायरमेंटला आलेले. फळ्यावर नुसत्या हातानं असं गोल वर्तुळ काढायचे की पोरं बघत राहायची. तोच माणूस मोबाइलपुढं बसला की घामाघूम! त्यांच्या तासाला मी सोबत असायचे, मीटिंगची सगळी बटणं माझ्या हातात. आणि मी चिडायचे. "अहो सर, कालच सांगितलं की!" — बापाच्या वयाच्या माणसाला. ते हसायचे. "व्हय मॅडम, डोस्क्यात ऱ्हाईना बगा."

सरांच्या घरी दोघंच. काकूंना लकवा झालेला, त्या खाटेवर. एके दिवशी तास चालू असताना काकूंनी आतून हाक मारली. सर पोरांना "आलोच" म्हणून उठले आणि माइक चालूच राहिला. मग सगळ्या वर्गाला ऐकू यायला लागलं. सर काकूंना भरवत होते. घरात ते कानडीच बोलायचे. "ऊटा माडु, बंगारी" म्हणत होते, म्हणजे जेव गं माझ्या सोन्या. काकू नको नको म्हणत होत्या आणि सर लहान लेकराला लावावी तशी लाडीगोडी लावत होते. आणि मग काकू हसल्या. अडखळत, बोबडं, पण काय हसल्या!

आमच्या भागात निम्म्या पोरांच्या घरी कानडी आहे. सगळ्यांना कळलं. पोरं खुदखुदायला लागली.

एक बटण दाबायचं होतं मला. रोज पोरांवर ओरडणारी मी — माइक बंद करा, माइक बंद करा — त्या दिवशी बोट का नाही उचललं? नाही, तसं नाही. बोट उचललं होतं मी. हाक ऐकू आली तेव्हाच उचललं, आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

का? गंमत वाटली. दुसरं काही कारण नाही, खूप शोधून बघितलं. त्यातला "बंगारी"चा तुकडा कापून सुजाताला पाठवला, खाली हसणारी तोंडं. सुजाता माझी मैत्रीण, शेजारच्या गावात शिकवते. तिनं पुढं पाठवला, आणि दोन दिवसांत तो आमच्याच पोरांच्या मोबाइलवर येऊन पोचला.

पुढच्या तासाला पोरं नावं बदलून आली. सर स्क्रीनवरची नावं वाचून हजेरी घ्यायचे. त्यांनी पहिलं नाव वाचलं, "बंगारी". दुसरं, "बंगारी". तिसरं वाचायला गेले आणि थांबले. हजेरी अर्धी सोडून त्यांनी प्रमेय सुरू केलं. मी बघत होते.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. पण सर रागात नव्हते. म्हणाले, "मॅडम, माझ्याकडनं कुठलं बटण दाबलं गेलं, तेवढं सांगा. पुन्यांदा व्हायला नको."

तेव्हा सांगता आलं असतं ना? मी म्हणाले, "सर, रेकॉर्डचं बटण तुमच्याच हातानं दाबलं गेलं असेल, आणि ते आपोआप पोरांकडं गेलं असेल. होतं असं." होतं असं! वर धीर दिला मी त्यांना. आणि ते म्हणाले, "बरं झालं सांगितलं. मी उगंच पोरांवर संशय घेत होतो."

त्यानंतर सरांनी तास घेतला नाही. हेडसरांना म्हणाले, हे मला जमत न्हाय, मॅडमला द्या. त्यांचा वर्ग मला मिळाला. शाळा उघडायच्या आधीच ते रिटायर झाले. ते पुन्हा फळ्यापुढं उभे राहिलेच नाहीत.

गेल्या वर्षी काकू गेल्या. मी भेटायला गेले. सरांनी बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मॅडम, ते रेकॉर्डिंग कुटं मिळंल का हो? फोटू लई हायेत, पण आवाज कुटंच न्हाय. त्यात ती हसलेली असणार. पोरांना इचारलं, कुणाकडंच न्हाय. तुमाला यातलं कळतं."

माझ्याकडं आहे. सगळं, पहिल्यापासून. काकू हसतात ते आहे. पण त्याच वेळी मीही हसलेय, माझाही माइक चालू होता. घरी येऊन दोन्ही आवाज वेगळे करून बघितले — एकात एक मिसळलेत, निघत नाहीत. काकू ऐकायच्या तर मीही ऐकू येणार, आणि माझं हसणं सर ओळखतात.

पण हे मी नंतर बघितलं. सरांपुढं मात्र त्याच्या आधीच बोलून बसले होते — "नाही सर, इतकं जुनं निघत नाही आता."

"असू द्या," म्हणाले. मला चहा दिला. निघताना फाटकापर्यंत आले.

मध्यंतरी फोन बदलला, तेव्हा ती फाईल मी आठवणीनं नव्या फोनात घेतली. सर उमरग्यातच असतात. मी त्यांना ती अजून दिलेली नाही.